फुल बाही

सातारा, ६ फेब्रुवारी २०२५

प्रिय वैजू,

पेशंटबद्दल काही विचारायचं असलं की फोन करायचा नाही, पत्र लिहायचं आणि नाव बदलून लिहायचं, ही आपली कोल्हापूरला एम.ए. करत होतो तेव्हापासूनची अट. ती पाळून लिहिते आहे.

माझ्याकडे महिनाभर एक मुलगी येते. तिला आपण उत्कर्षा म्हणू. सतरा वर्षांची, अकरावीला, इथल्या हॉस्टेलवर राहते. वडील लष्करात हवालदार, सध्या आसामात. आई माण तालुक्यातल्या गावी मेंढरं आणि कोरडवाहू शेती सांभाळते. हॉस्टेलच्या बाईंनी मुलीच्या हातावरच्या खुणा पाहिल्या आणि आईला बोलावून घेतलं. आई माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "पोरगी उन्हाळ्यात बी फुल बाह्या घालती. मला वाटलं कालेजचा नियम आसंल."

मुलगी स्वतःला इजा करते, हे तिने कबूल केलं. मरायचं नाही, असंही म्हणाली. सायकियाट्रिस्टनी तिला तपासलं आहे, गोळ्या चालू आहेत. इथवर तुला आणि मला नवं काही नाही. नवं आहे ते तिच्या फोनमध्ये. तिथे 'फुल बाही' नावाचा एक ग्रुप आहे. साठ-सत्तर मुली आहेत, सगळ्या आपल्याच भागातल्या, सगळ्या हेच करणाऱ्या. कुणी कुणाचं खरं नाव विचारत नाही. त्यात 'पिवळी' नावाची कुणीतरी आहे आणि ती उत्कर्षाला रोज वेगळा मेसेज करते. मागच्या सेशनला उत्कर्षा पाणी प्यायला उठली, फोन टेबलावर उघडा होता आणि मी वाचलं. वाचायला नको होतं, हे तू सांगायची गरज नाही. तीनच ओळी होत्या.

पिवळी: आज किती?

उत्कर्षा: चार.

पिवळी: मला आधी सांगायचं. दुसऱ्या कुणाला नाही.

वैजू, कुणीतरी रोज हिशेब घेतं आहे. मुलीच्या आवाजात बोलणारा एखादा चाळीस वर्षांचा माणूस असेल, असंही मनात आलं. असली माणसं असतात, आपण दोघींनी पाहिली आहेत. मी उत्कर्षाला आडून आडून विचारलं. ती म्हणाली, "मॅडम, तिच्याबद्दल न्हाई बोलायचं." पण पिवळी मुलगीच आहे हे मला पटावं म्हणून तिने एक फोटो दाखवला. हळदीच्या पोत्यांवर एक तांबूस मांजर झोपलं आहे, त्याचा एक कान फाटलेला. 'हा आमचा शेठ' असं खाली लिहिलेलं.

हळद म्हणजे तुमची सांगली. अशा ग्रुपची तुझ्याकडे कुणी येतं का? मी सायबर शाखेत जावं का? लवकर लिही.

तुझी,
संयोगिता


सांगली, १४ फेब्रुवारी २०२५

प्रिय संयोगिता,

पत्र मिळालं. कामात होते म्हणून उशीर झाला.

हळद काय, पुष्कळ ठिकाणी असते. फोटोवरून गाव ठरवू नये असं मला वाटतं. ग्रुपबद्दल म्हणशील तर मी ऐकून आहे. अशा ग्रुपांत एकीचं पाहून दुसरी करते हे खरं. आणि घरात जे कुणालाच सांगता येत नाही ते तिथे सांगता येतं, हेही खरंच. दोन्ही एकाच जागी, एकाच दिवशी घडतं. म्हणून ग्रुप चांगला की वाईट असं सरसकट विचारून उपयोग नाही.

दुसरं असं की तू पिवळीकडेच बोट दाखवते आहेस. उलटही असू शकेल. तुझ्या मुलीचं पाहून ती दुसरी मुलगी आणखी खोल जात असेल. तिच्याही हातावर खुणा असतीलच ना? ती मेसेज कोणत्या वेळी करते? बुधवारी काही वेगळं लिहिते का? उत्कर्षाने तिला आपलं खरं नाव, हॉस्टेल, तुझं नाव यातलं काही सांगितलं आहे का? हे मला कळव.

सायबर शाखेची घाई करू नकोस. अल्पवयीन मुली आहेत. एकदा कागद झाला की घरोघरी पोलीस जाईल आणि गावात कुणाला काही सांगायचं बाकी राहणार नाही.

इकडे ऊन आत्ताच तापायला लागलं आहे. तब्येतीला जप.

वैजयंता


सातारा, २० फेब्रुवारी २०२५

प्रिय वैजयंता,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पंचवीस वर्षांत तू मला 'तब्येतीला जप' असं कधी लिहिलं नव्हतंस, आणि सहीत पूर्ण नावही घातलं नव्हतंस.

मी सगळं लिहिलं होतं, त्यातल्या प्रत्येक गोष्टीवर तू काहीतरी म्हणाली आहेस. मांजराबद्दल मात्र एक अक्षर नाही. आणि बुधवार कुठून आला? मी बुधवार लिहिला नव्हता. पिवळीच्या हातावरही खुणा असतील, हे तू विचारलं नाहीस, मला समजावलंस.

तुला काही ठाऊक असेल आणि सांगता येत नसेल, तर तसं सांग. मी समजू शकते. पण मला भलतीकडे वळवू नकोस.

इकडचं असं आहे. उत्कर्षा आता जास्तच मिटली आहे. मी फोनचं नाव काढलं की बाहीचं बटण लावते, सोडते, परत लावते. सोमवारी म्हणाली, पिवळी नसती तर मी इथे आलेच नसते. मी विचारलं, म्हणजे? तर म्हणाली, "तिनंच सांगितलं, जा म्हणून." मला हे बोलणं पढवल्यासारखं वाटलं. मुलीला धरून ठेवणारी माणसं आधी तिचा विश्वास असाच मिळवतात.

३ मार्चला मी सायबर शाखेत जाणार आहे. तोवर तुझ्या उत्तराची वाट पाहीन.

संयोगिता


सांगली, २८ फेब्रुवारी २०२५

संयोगिता,

एवढंच लिहिते. ३ तारखेला जाऊ नकोस. दोन आठवडे थांब. का, ते सांगता येत नाही.

पिवळी आता उत्कर्षाला लिहिणार नाही, असं धरून चाल.

वैजयंता


सातारा, ११ मार्च २०२५

वैजयंता,

तुझं ऐकून मी गेले नाही. पिवळी खरंच लिहायची थांबली. २७ फेब्रुवारीच्या दुपारपासून एकही मेसेज नाही, आणि तुझं पत्र आहे २८चं. मी ते कॅलेंडरशेजारी ठेवून पाहिलं.

आता काय घडलं ते वाच.

पहिले दोन दिवस उत्कर्षा काही बोलली नाही. मला वाटलं, बरं झालं, एक सावली गेली. नंतर तिचं जेवण सुटलं. हॉस्टेलच्या बाई सांगत होत्या, वर्गात, जेवणाच्या रांगेत, नळावर, जिथे तिथे फोन हातात आणि नजर त्यावर. ५ तारखेच्या सेशनला मी विचारलं, पिवळी लिहीत नाही म्हणून वाईट वाटतं का? ती माझ्याकडे पाहत राहिली. तिने मला काहीही सांगितलं नव्हतं आणि मला ठाऊक होतं. त्या क्षणी माझ्याबद्दलचा तिचा भरवसा गेला, हे मला दिसलं. मी सावरासावर केली. तिने मान हलवली आणि वेळ संपायच्या आधीच उठून गेली.

८ तारखेला, शनिवारी दुपारी, बाकीच्या मुली गावाला गेल्या असताना तिने स्वतःला इजा केली. आधी कधी केली नव्हती एवढी. खोलीतली दुसरी मुलगी विसरलेली बॅग न्यायला परत आली म्हणून कळलं. सरकारी दवाखान्यात नेलं. जिवाचा धोका टळला आहे. आई माणहून आली, वडिलांना रजा मिळाली, ते निघाले आहेत.

काल ती माझ्याशी बोलली. छताकडे बघत बोलली. म्हणाली, "पिवळी मेली ना मॅडम? तुमाला ठाऊक हाय, तुमी सांगत न्हाईसा." त्या ग्रुपात एखादी अचानक गप्प झाली की सगळ्या तेच समजतात. याआधी एक गप्प झाली होती ती खरोखरच गेली होती. ही नऊ दिवस पिवळीच्या मेसेजची वाट बघत होती, आणि दहाव्या दिवशी तिने मनाशी धरलं की पिवळी गेली. मी म्हणाले, नाही, ती गेलेली नाही. तिने विचारलं, "तुमी कशावरनं म्हणता?" वैजयंता, तुझं पत्र मला तिला दाखवता येत नव्हतं.

मग मी 'आज किती' म्हणजे काय ते विचारलं. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून तिने सांगितलं. करावंसं वाटलं आणि केलं नाही, असं दिवसातून किती वेळा झालं, तो आकडा. चार म्हणजे चार वेळा तिने स्वतःला थांबवलं होतं. 'मला आधी सांगायचं' म्हणजे करण्याआधी मला सांग, मी तुझ्याशी बोलत राहते. 'दुसऱ्या कुणाला नाही' अशासाठी, की ग्रुपात 'संध्याकाळ' नावाचं एक कुणीतरी आहे, ते मुलींकडे जखमांचे फोटो मागतं. पिवळीने तिला त्याच्यापासून लांब ठेवलं होतं.

माझा संशय खरा होता, वैजयंता. फक्त मी तो चुकीच्या माणसावर घेतला. तीन ओळी चोरून वाचल्या आणि त्यातून एक राक्षस उभा केला. ते माझं. आता तुझं सांग. पिवळी लिहिणार नाही, हे तुला कसं ठाऊक होतं?

संयोगिता


सांगली, १७ मार्च २०२५

संयोगिता,

पिवळी माझ्याकडे येते. दर बुधवारी, नोव्हेंबरपासून.

तुझं पहिलं पत्र वाचताना मांजरापाशी आले आणि पत्र खाली ठेवलं. शेठचा तोच फोटो तिने मला दाखवला होता. तिचे वडील आप्पासो इथल्या मार्केट यार्डात हळदीचे अडते आहेत, ते मांजर त्यांच्याच पेढीवर असतं. ग्रुपाचं तिने मला एकदा सांगितलं होतं, पण आपण तिथे कुणाची काळजी घेतो हे सांगितलं नव्हतं. माझ्याकडे ती अशी बसायची की तिला स्वतःचंच ओझं उचलवत नाही. तीच मुलगी तिकडे रोज दुसरीला सांभाळत होती, आणि मला चार महिन्यांत याचा पत्ता नव्हता.

तुझं पत्र वाचून मी काय केलं ते स्वच्छ लिहिते. मला तिच्याबद्दल संशय आला. तू लिहिलेलं खरं असेल, माझ्याच खुर्चीत बसणारी मुलगी दुसऱ्या मुलीला त्यात ओढत असेल, असं वाटलं. बुधवारी ती आली की मी तिच्या बोलण्यात काहीतरी शोधायची. तिला थेट विचारायचं सोडून मी तुला प्रश्न विचारत राहिले. तुझं दुसरं पत्र आलं, त्यात सायबर शाखा होती, ३ मार्च होता. तुझ्या मुलीला काही झालं आणि तिच्या फोनमध्ये माझ्या मुलीचे मेसेज सापडले, तर लोक म्हणतील, समुपदेशक काय करत होती? हे माझ्या मनात आलं. सगळ्यात आधी तेच आलं. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

२७ तारखेला सकाळी मी आप्पासोंना फोन केला आणि सांगितलं, थोडे दिवस मुलीचा फोन काढून घ्या, हा ग्रुप तिला चांगला नाही. तिला न सांगता, तिला न विचारता. ती सतरा वर्षांची आहे, वडिलांना सांगायचा मला अधिकार आहे, असं मी स्वतःला समजावलं. अधिकार असेल. पण तिचा जीव धोक्यात आहे म्हणून मी तो वापरला नाही. मी धोक्यात आहे असं वाटलं म्हणून वापरला.

त्यानंतर ती आली नाही. पहिल्या बुधवारी नाही, दुसऱ्याही नाही. तुझं ११ तारखेचं पत्र मिळालं त्याच दिवशी मी त्यांच्या घरी गेले. मुलगी वरच्या खोलीत होती, खाली उतरली नाही. आप्पासो ओशाळले होते. म्हणाले, "आवं म्याडम, तुमीच म्हणाला हुता, फोन घ्या. आमी घेतला. आता पोरगी आमच्याशी बोलंना झालीय. नुसतं म्हणती, एकीला कळवू द्या. कुणाला त्ये सांगत न्हाई." त्यांनी कळवू दिलं नव्हतं, कारण ग्रुप चांगला नाही असं मी सांगितलं होतं.

म्हणजे तीही वीस दिवस तेच भय घेऊन बसली होती, की आपण नाही तर पलीकडे काय होईल. आणि तिला वाटलं होतं तेच झालं.

त्या दिवशी मी आप्पासोंना आणि तिच्या आईला बसवून सगळं सांगितलं, माझी चूकही सांगितली. तिच्यावर लक्ष ठेवायला आणि सायकियाट्रिस्टला लगेच दाखवायला सांगितलं. दुसऱ्याच दिवशी ते घेऊन गेले. तिने स्वतःला काही केलेलं नाही.

उत्कर्षा जिवंत आहे हे मला पिवळीला सांगायचं आहे. पण ती गोष्ट उत्कर्षाची आहे. या वेळी मी विचारल्याशिवाय काही करणार नाही. तू तिला विचारशील?

माझ्याशी बोलू नयेसं वाटलं तर बोलू नकोस. एवढं मात्र कर.

वैजू


सातारा, २६ मार्च २०२५

वैजू,

आठ दिवस उत्तर लिहिलं नाही. रागावले होते. अजूनही आहे. पण रोज दवाखान्यात जायचे तेव्हा तुझ्यावरचा राग आणि माझ्यावरचा राग वेगवेगळा काढता येत नव्हता. तू भिऊन फोन काढून घेतलास. मी तुला भिववलं. तारीख दिली, सायबर शाखेचं नाव घेतलं. उत्कर्षाला एकदा सरळ विचारलं असतं की पिवळी तुला काय म्हणते, तर तिने कदाचित सांगितलंही असतं. ती माझ्यासमोर बसली होती आणि मी विचारत होते तुला.

उत्कर्षाला सगळं सांगितलं. तिचे वडील शेजारी बसले होते. त्यांनाही ऐकू दे, असं तीच म्हणाली. पिवळीचा फोन कुणी काढून घेतला, का घेतला, मला कसं कळलं, काहीच ठेवलं नाही. ती ऐकत होती. शेवटी एकच विचारलं, "म्हंजी ती हाय?" मी म्हणाले, हाय. तिने तोंड भिंतीकडे केलं आणि रडली. तीन महिन्यांत मी तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं. वडील उठून तिच्या उशाशी उभे राहिले. त्यांना हात कुठे ठेवावा कळत नव्हतं. मग त्यांनी पलंगाच्या कडेला धरलं.

पिवळीला कळवायला तिने हो म्हटलं. सोबत तिची चिठ्ठी आहे, घडी घालून तिनेच पाकिटात घातली. मी वाचलेली नाही. वाचावीशी वाटली होती, हे सांगून ठेवते.

'संध्याकाळ'बद्दलची तक्रार मात्र मी दिली, उत्कर्षाला आणि तिच्या वडिलांना विचारून. 'संध्याकाळ'ने कोणकोणत्या तारखेला काय मागितलं ते उत्कर्षाने स्वतः बसून लिहून दिलं. तपास चालू आहे. तो माणूस आहे की आणखी एखादी मुलगी, अजून कळलेलं नाही. मी आता अंदाज बांधत नाही.

तुझी,
संयोगिता


सांगली, १७ एप्रिल २०२५

प्रिय संयोगिता,

चिठ्ठी पोचली. कशी पोचली ते लिहिते.

मी त्यांच्या घरी गेले आणि आईच्या हाती पाकीट दिलं. आई वर गेली. मी खाली पुढच्या सोप्यात बसून राहिले. आप्पासो बाजारात होते. वीसेक मिनिटांनी मुलगी खाली आली. वाळली आहे. माझ्यासमोर बसली नाही, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली. चिठ्ठी तिच्या मुठीत होती.

तिने विचारलं, उत्कर्षाला कुठवर लागलं आहे, बरी होईल का, तिच्यापाशी कोण असतं. जे सांगायची उत्कर्षाने मुभा दिली होती तेवढं मी सांगितलं. मग तिच्या फोनचं मी स्वतः सांगितलं. तुझ्या पत्रापासून २७ तारखेच्या फोनपर्यंत सगळं. क्षमा मागितली.

तिने पायरीच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मला एकच सांगा. माझ्यासाठी केलंत का भिऊन केलंत?"

मी म्हणाले, भिऊन.

"कशाला भ्यालात?"

"माझ्यावर येईल म्हणून."

ती म्हणाली, "तुमी माझ्यासाठी म्हणाला असता तर मी उठून वर गेले असते. बाबा बी तेच म्हणत्यात, तुझ्यासाठी केलं. भ्यालेलं मला कळतं."

मी आप्पासो येईपर्यंत तिथेच बसून राहिले.

संध्याकाळी आप्पासो आले तेव्हा ती त्यांच्याशी स्वतः बोलली. मला तिथेच थांबायला सांगितलं, मध्ये बोलू नका म्हणाली. उत्कर्षाशी बोलणार, ग्रुप सोडणार, फोन मात्र आपल्यापाशीच ठेवणार, असं तिने सांगितलं. आणि एक अट तिने स्वतःवर घातली. उत्कर्षाचा आकडा ऐकून काळजी वाटली, तर ती एकटीने सांभाळत बसणार नाही, कुणाला तरी मोठ्या माणसाला सांगेल, उत्कर्षालाही तसंच सांगून ठेवेल. आप्पासोंनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. मग त्यांनी कपाटातून फोन काढून तिला दिला. महिन्याहून जास्त तो हळदीच्या नमुन्यांच्या डब्यांमागे होता, सगळ्याला पिवळी पूड लागली होती. तिने ओढणीने पुसला.

दोघी बोलल्या. आजवर त्यांनी एकमेकींचा आवाज ऐकलेला नव्हता. मी अंगणात गेले, तिची आईही आली. आतून पहिल्यांदा काहीच ऐकू येईना. मग ही भांडायला लागली, की दहा दिवस तुला दम धरवला नाही का. नंतर हसल्यासारखं काहीतरी आलं, ते हसणंच होतं का हे मी सांगू शकत नाही.

पुढे माझ्याकडे यायचं की नाही, ते मी तिच्यावर सोडलं. दुसऱ्या एका बाईंचं नाव, पत्ता लिहून दिला, हवं तर त्यांच्याकडे जा, मला वाईट वाटणार नाही असं म्हणाले. वाईट वाटलं असतं. तिने कागद घेतला.

दोन बुधवार गेले. काल चार वाजता ती आली. तुझ्याकडे येणाऱ्या मुली कुठे बसतात ठाऊक नाही, पण माझ्या खोलीत खिडकीपाशी एक आरामाची खुर्ची आहे, ही नेहमी तिथे बसायची. काल तिने दाराजवळचं स्टूल ओढून घेतलं आणि त्यावर बसली. बाहेरून रिक्षांचा आवाज येत होता, मी दार लावायला उठले.

"दार उघडं राहू दे," ती म्हणाली.

राहू दिलं.

तुझी,
वैजू